आईसाठी अफू

किती पाहिजे, हे चिंतामणनं विचारलंच नाही. मान खाली घालूनच त्यानं डब्यातली काळी वडी काढली, सुरीनं तुकडा पाडला, पारड्यात टाकला, आणि काटा स्थिर व्हायच्या आधीच कृष्णातच्या ध्यानात आलं, की हे आपलं माप आहे. आपलं म्हणजे तेव्हाचं. वर्ष उलटून गेलं होतं त्याला. मधे पावसाळा गेला, गणपती गेले, दसरा-दिवाळी झाली, देशाला स्वराज्य मिळालं, आणि या बाबाचा हात आहे तिथंच आहे. कृष्णात अफूच्या ठेक्याच्या फळीला टेकून उभा होता. तो घाईघाईनं म्हणाला, "आवं चिंतामणराव, एवढी नगं. मुगाएवढी बास. आयेसाठी पायजे. तिच्या पोटात गाठ झालीया, डाक्तरांनी हात टेकलं." तेव्हा कुठं चिंतामणनं चष्म्याच्या वरून पाहिलं. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं. उलट जराशी मायाच होती, गाव सोडून गेलेला माणूस परत दिसल्यावर वाटते तशी. "सगळे आईसाठीच नेतात, कृष्णात," तो म्हणाला. "कुणी आईसाठी, कुणी बायकोच्या कंबरेसाठी. मी कधी कुणाला खोटं पाडलंय का? घेऊन जा. कापलेली परत डब्यात घालत नाही मी." वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून त्यानं ती फळीवर पुढं सरकवली. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं जांभई दिली, नाक पुसलं आणि ओळखीची मान हलवली. आलास का परत, असं त्या मान हलवण्यात होतं. कृष्णातला सांगावंसं वाटलं, की बाबा, मी आलो नाही, मला पाठवलंय. पण हे सांगणं म्हणजे पुन्हा आईचं नाव घेणं, आणि आईच्या नावाची इथं काय किंमत आहे ते आत्ताच कळलं होतं. पैसे टाकून, पुडी मुठीत धरून तो खाली उतरला.

बाहेर सांगलीची पेठ आपल्या कामात होती. गाडीवान बैलांना शिव्या घालत होते, हळदीच्या अडतीसमोर दोघंजण सौद्यावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि थंडीतलं स्वच्छ ऊन सगळ्यांवर सारखं पडलं होतं. कृष्णात त्यातनं वाट काढत चालला, पण चालताना त्याचा जीव सगळा उजव्या मुठीत जाऊन बसला होता. मूठ घट्ट धरली तर तळव्याच्या उबेनं अफू मऊ होईल, सैल धरली तर पडेल. खिशात ठेवावी, तर खिशात ठेवायची ती आपल्या मालकीची वस्तू. पूर्वी तो ती खिशातच ठेवायचा. मग त्यानं पुडी डाव्या हातात घेतली, आणि थोड्या वेळानं पुन्हा उजव्या. असला पोरखेळ चालला होता. वाटेत बघणाऱ्याला वाटलं असतं, की ह्याला मुठीत निखारा धरायला लावलाय.

घरातनं निघताना शालू फारसं काही बोलली नव्हती आणि तेच त्याला झोंबलं होतं. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. पहाटेपासून म्हातारीचं कण्हणं वाढत चाललं होतं. कण्हणं तरी कसं, दाव्याला हिसके देणाऱ्या जनावरासारखं, थांबून थांबून. डॉक्टरांनी अफूचं सांगून ठेवलंच होतं, लागली तर मुगाएवढी द्या म्हणाले होते, पण इतके दिवस घरात ते नाव कुणी काढत नव्हतं. आणायला जायचं कुणी? थोरला भाऊ अर्जुना इस्लामपूरच्या बाजूला गुऱ्हाळावर, गूळ संपेपर्यंत यायचा नाही. बाईमाणसानं अफूच्या ठेक्यावर जायची सोयच नव्हती. शेजारचा बिराप्पा भला माणूस, रात्री-अपरात्री बैलगाडी जुंपून देणारा, पण तोही खाली मान घालून म्हणाला, "वैनी, दुसरं कायबी सांगा. त्या फळीवर कुणी बगितलं तर माजं नाव जाईल." आता हरिपुरात असा एकच माणूस होता, ज्याचं नाव जायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. शालू दाराच्या चौकटीत उभी राहिली, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली, "जावा तुमीच." एवढंच. लौकर या, सुद्धा म्हणाली नाही. कृष्णात अंगणाच्या बाहेर पडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वर्षात पहिल्यांदा आपण एकटे निघालोय.

एकट्यानं जाणं म्हणजे काय, हे रोज एकटं जाणाऱ्या माणसाला कळायचं नाही. वर्षभर त्याच्याबरोबर कुणी ना कुणी होतं. बाजाराला अर्जुना, नदीला बिराप्पा, आणि घरात तर शालूचे डोळे. ती रोज सांजच्याला तो आला, की ताट ठेवायच्या निमित्तानं वाकायची आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. गुपचूप घ्यायची बिचारी, त्याला कळू नये म्हणून, आणि त्याला रोज कळायचं. सुरवातीला त्यानं मुद्दाम श्वास सोडायला सुरवात केली, घे बाई, पोटभर घे. मग ते थट्टेवारी नेणंही संपलं. कामावर त्याला हळद साठवायच्या पेवाच्या तोंडाशी दोर ओढायला ठेवत, खाली उतरवत नसत. खरं तर खाली उतरायची त्याचीच छाती नव्हती, पण लोकांनी ते आपल्या हुशारीवर घेतलं होतं. ऑगस्टात पेठेत झेंडा लागला तेव्हा तो आणि शालू बघायला आले होते. केवढी गर्दी! पेढे वाटत होते, पोरं खांद्यावर बसली होती, एक म्हातारा तर रडत होता, आणि शालूनं सगळा वेळ कृष्णातच्या सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून धरलं होतं. कुणी म्हणालं, सुटलो एकदाचे. कृष्णातनं मान हलवली होती. सदरा मात्र हलवला नव्हता, तिचं बोट दुखेल म्हणून.

गाव मागं पडलं, आणि हरिपूरचा रस्ता चिंचांच्या सावलीत शिरला. उजव्या हाताला कृष्णा संथ वाहत होती, थंडीनं पाणी निवळलेलं. इथून पुढं रहदारी कमी. कृष्णातच्या नाकातून पाणी यायला लागलं. त्यानं ते बाहीनं पुसलं, आणि पुढच्या पावलाला जांभई आली. मग दुसरी. अरे देवा, असं त्याच्या मनात आलं. अंगाला नुसती खबर लागलीय, आणि अंग बघा कसं ताटावर येऊन बसलंय! दंडावर काटा फुटला, गुडघ्याच्या मागच्या शिरा आतून कुणी खाजवल्यासारख्या झाल्या. वर्षभर जे मेलं असं तो धरून चालला होता ते मेलं नव्हतं. ते झोपलं होतं, आणि चिंतामणनं त्याला नावानं हाक मारली होती.

आणि मग त्याला पेव आठवलंच. न आठवून चालणारच नव्हतं. हळदीची पेवं ज्यानं पाहिली नाहीत त्याला सांगून कळायचं नाही. वरनं बघितलं तर जमिनीला एक भोक, माणूस कसाबसा मावेल एवढं, आणि खाली पोटात उतरलं, की खोलीएवढा घेर. मडकं पुरल्यासारखं. हळद आत घालून तोंड मातीनं लिंपलं, की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. पण आतली हवा मरते. उघडल्याबरोबर उतरला तो गेलाच. म्हणून आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, कंदील जळत राहिला तर माणूस सोडायचा. कृष्णात पोरवयापासून त्या पेवांत उतरत आला होता. अफू लागली तीही तिथंच. खाली कोंदट अंधारात पाठ मोडेस्तोवर पोती भरायची, अंगाची आग व्हायची, आणि कुणीतरी एकदा म्हणालं, हे घे गड्या, पाठ तुझी न्हाईच असं वाटंल. खरंच तसं वाटलं. मग हळूहळू पाठ राहिली नाही, मग हात राहिले नाहीत, मग शालू राहिली नाही, तिच्या गळ्यातली डोरल्याची माळ राहिली नाही. राहिला तो फक्त ठेका उघडायचा वेळ आणि ठेका बंद व्हायचा वेळ. मधला जो काय होता तो दिवस होता म्हणे.

गेल्या थंडीत एका सकाळी आई म्हणाली, "किसना, देवळाकडच्या पेवात चार पोती ऱ्हायल्याती, तेवढी वर दे." त्याला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणी त्याला काम सांगत होतं. सकाळची गोळी पोटात होती, जग मऊ होतं. अर्जुनानं दोर धरला, आईनं स्वतः कंदील सोडून हवा बघितली. ते त्याला नीट आठवत होतं, तिनं वाकून, डोळे बारीक करून कितीतरी वेळ त्या ज्योतीकडं बघितलं होतं. तो उतरला. खाली पोती नव्हती. पाण्याची घागर होती, घोंगडं होतं, कोपऱ्यात राखेचा ढीग होता. हे कशाला, म्हणून त्यानं वर पाहिलं, तर दोर चालला होता. सळसळत, घाई न करता, त्याच्या डोक्यावरून वर चालला होता. त्यानं उडी मारली, टोक बोटांना लागलं आणि सुटलं. "आये?" तो म्हणाला. वरच्या वाटोळ्या उजेडात आईचं डोकं दिसलं. वर्ष झालं, पण दोर ओढायच्या कामावर असताना सुद्धा तो सळसळ आवाज आला, की त्याच्या हातातला जोर जायचा.

त्यानंतरचं काय सांगायचं. दुपारपर्यंत तो हसत होता, संध्याकाळपर्यंत विनवण्या करत होता. मग अंग फुटायला लागलं. हाडांत मुंग्या शिरल्या, पाय आपोआप भिंतीवर आदळायला लागले, पोट वाहिलं, ओकून ओकून नुसतं हिरवं पाणी पडायला लागलं. राख कशाला ठेवली होती ते तेव्हा कळलं. वरनं टोपलीत भाकरी येई, तशीच परत जाई. आणि वरच्या तोंडाशी आई बसलेली. हलायची नाही. रात्री थंडीनं तिचं खोकणं ऐकू यायचं. कधी ती उठून बाजूला गेली, की भोकात नुसतं आभाळ उरायचं, आणि त्या मोकळ्या आभाळाची त्याला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटायची. तो तिला शिव्या द्यायचा. रांडे म्हणाला. हडळ म्हणाला. सख्ख्या आईला माणूस जे म्हणू नये ते सगळं म्हणून झालं, तरी ती बोलेना, तेव्हा तो भिंतीला पाठ लावून, मान वर करून, घसा फाटेस्तोवर ओरडला, "तुज्या पोटात किडं पडतील! तडफडून मरशील, कुत्र्यावानी! मी पानी घालनार न्हाई!" पेवात आवाज घुमतो. ते शब्द घेरात फिरले आणि वर गेले. वरनं थोडी माती पडली, तिचा हात हलला असेल. बाकी काही नाही.

मग एका सकाळी त्याला भूक लागली. साधी भूक. त्याला आधी ती ओळखूच आली नाही, पोटात हे काय होतंय म्हणून तो घाबरला. त्यानं भाकरी मागितली, खाल्ली, आणि दोर खाली आला. वर काढल्यावर आईनं त्याला, बायको असलेल्या बाप्याला, विहिरीवर नेऊन तान्ह्या पोरासारखी आंघोळ घातली, गावादेखत. तिनं तरी कुठं काही खाल्लं होतं. पण ती माफ कर म्हणाली नाही, आणि तो मी बोललो ते मागं घेतो म्हणाला नाही. दोघंही असल्या बोलण्यातली माणसं नव्हती. तिला वाटलं असेल, पोरगं बरं झालं, आता काय बोलायचं. त्याला वाटलं, उद्या बोलू. आणि उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली.

कुणी म्हणेल, योगायोग. कृष्णात शिकलेला नव्हता, पण अगदीच अडाणीही नव्हता, गाठ शिव्यांनी होत नाही हे त्याला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. तरी रात्री अंथरुणावर पडला, की ते शब्द त्या घेरात अजून फिरत असल्यासारखे वाटायचे. आई कण्हायला लागली, की तो उठून बाहेर जायचा. शालूला वाटायचं, ह्यांना आईचं काही नाही. आई मात्र तो परत आत आला, की एकदा डोळे उघडून बघायची आणि मिटायची. त्या बघण्यात काय होतं ते त्यानं कधी धीर करून पाहिलंच नाही.

एका मोठ्या चिंचेखाली तो बसला. पाय पुढं जाईनात म्हणून नाही, बसावंसं वाटलं म्हणून बसला, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मागं-पुढं रस्ता रिकामा होता. त्यानं पुडी मांडीवर ठेवली आणि सोडली. तो वास! कडवट, ओला, जुन्या ओळखीचा. तोंडात इतकं पाणी सुटलं, की गिळावं लागलं. हिशेब तर अगदी सरळ होता. आईला हवी मुगाएवढी. पुडीत होती त्याच्या कितीतरी पट. वरची जी होती ती कुणाची नव्हती. शालूला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही, चिंतामण विचारत नाही. चिमूटभर घेतली तर आईचं काही कमी होत नव्हतं. आणि घरी गेल्यावर ते कण्हणं ऐकायचंय, ते डोळे बघायचेत, त्यासाठी तरी. फक्त आजच्या दिवस. हे सगळं त्याच्या डोक्यात इतक्या शहाण्यासारखं, इतक्या समजुतीनं कुणी बोलत होतं, की ऐकत राहावं. आणि बोटानं त्या तुकड्याला स्पर्श केला तेव्हा त्याच्या मनात एक विचित्र गोष्ट आली. वर्षभर आपण अफू खाल्ली नाही, असं आपण समजतो. पण वर्षभर आपल्याला ती खाता येतच नव्हती. आधी पेवाच्या भिंती होत्या, मग दादा होता, बिराप्पा होता, सदऱ्याच्या टोकाला शालूचं बोट होतं. आपण नको म्हणालोच नव्हतो. आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. आज इथं, या चिंचेखाली, जन्मात पहिल्यांदा आपल्याला कुणी अडवायला नाही. म्हणजे मोकळेपण म्हणतात ते हेच. ते एवढं भयंकर असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या झेंड्याखाली रडणाऱ्या म्हाताऱ्याला तरी ठाऊक होतं का कोण जाणे.

नदीकाठी एक बाई धुणं आपटत होती. तिचं आपटणं आधी दिसायचं आणि मग ऐकू यायचं. कृष्णात ते बघत बसला. त्याला एकदम आठवलं, की अफूच्या दिवसांत आपल्याला असलं काही बघता येत नव्हतं. नदी होती, पण ठेक्याला जाताना डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला, एवढीच. थंडी अंगाला लागत नव्हती. जेवणाला चव नव्हती. शालूच्या पोटातलं पोर गेलं तेव्हा सगळं घर रडत होतं, आणि आपण भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून, किती छान सावली आहे म्हणत होतो. तिनं बघितलं होतं ते. वर्षभर आता थंडी वाजते, भूक लागते, पाठ दुखते, त्या पोराचं दुःख इतक्या उशिरा, इतक्या वेळी-अवेळी येतं, की काम करता करता हात थांबतात. हे असलं जगणं काही सुखाचं नव्हे. पण ते आपलं आहे. ते चिंतामणच्या पारड्यातून येत नाही. कृष्णातनं पुडी मिटली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बांधली. तो उठला तेव्हा घामानं सदरा पाठीला चिकटला होता, आणि जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. नुसतं शिणल्यासारखं वाटत होतं.

घरी पोहोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शालू अंगणातच होती. तिनं पुडीकडं पाहिलंच नाही, त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि जवळ आली. आज ताटाचं निमित्त नव्हतं. "तोंड दावा," ती म्हणाली. बैलबाजारात जनावराचा जबडा उघडतात तसा त्यानं तो उघडला. तिनं वास घेतला. मग ती तिथंच खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. "म्या लय वाईट हाय," ती म्हणत होती, "आत्याबाईंच्या परास तुमचाच इचार करत हुते सकाळपासनं. त्या तडफडत्यात आन् मी रस्त्याकडं बघतीया." कृष्णात तिच्या डोक्यावर हात ठेवणार होता, पण हाताला त्या पुडीचा वास होता, म्हणून ठेवला नाही. "शाले," तो म्हणाला, "तू जरा नदीवर जाऊन ये. तोंड धू. मी देतो आयेला." ती त्याच्याकडं बघत राहिली. पुडी, आई आणि तो, तिघांना घरात ठेवून जायचं. मग तिनं घागर उचलली आणि मागं न बघता चालायला लागली. तिच्या पाठमोऱ्या जाण्याकडं बघताना कृष्णातला रडू आलं. लग्नात सुद्धा तिनं त्याला एवढं काही दिलं नव्हतं.

आत अंधारलं होतं. त्याची आई हरणाबाई वाकळेवर एका कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. एकेकाळी हळदीचं पोतं एकटीनं पाठीवर टाकणारी बाई, आता मूठभर उरली होती. "आये," तो म्हणाला, "आनलीया." तिनं डोळे उघडले. त्यानं मुगाएवढी गोळी केली, गुळाचा खडा लावला, तिच्या जिभेवर ठेवली, आणि तांब्यानं पाण्याचा घोट पाजला. पाणी घालणार नाही असं ओरडलेल्या माणसानं पाणी घातलं. मग तो तिथंच भिंतीला टेकून बसला. त्याला ठाऊक होतं आता काय होणार. आधी कपाळावरची आठी जाईल. मग मुठी सुटतील. मग पाय लांब होतील. एक एक पायरी तो तिच्या अंगावर ओळखत होता. आणि तसंच झालं. किती दिवसांनी तिचा श्वास सरळ झाला. तिचा चेहरा मऊ, तरणा, परका झाला. "आगाई गं," ती हळूच म्हणाली. "असं आसतं व्हय हे."

ती छताकडं बघत होती. "किसना," ती म्हणाली, "मला काय ठावं रं. मला वाटायचं नुसती चैन आसती. मस्ती आसती. म्हून तुला तसं केलं मी." तिचा आवाज दुरून आल्यासारखा होता, पण शब्द चांगले स्पष्ट होते. "हे काढून घेतलं मी तुज्याकडनं. कसं काढलं आसंल तू खाली. लेकराच्या अंगाची आग हुत हुती, आन् मी वर बसून ऐकत हुते." तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडं गेलं. वर्षभर ज्याची तो वाट बघत होता ते हे होतं. त्यालाही बोलायचं होतं. माझ्याच तोंडानं तुला गाठ झाली आये, असं म्हणून तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. तो पुढं सरकला. पण तिचा हात आधी हलला. उशाशी उघड्या पडलेल्या पुडीपर्यंत तो चाचपडत गेला, तिथला तो उरलेला तुकडा तिनं बोटांनी मोडला, आणि मोठा भाग उचलून त्याच्या तोंडापुढं धरला. लहानपणी स्वतःच्या ताटातला लोण्याचा गोळा धरायची तसा.

"घे," ती म्हणाली. "तुजं बी दुकत आसंल."

तो वास त्याच्या ओठांपाशी होता. बाहेर कुणी नव्हतं. शालू नदीवर होती, आणि ती विचारणार नव्हती. चिंचेखाली निदान चोरी होती. ही चोरी नव्हती. हे त्याच्या आईनं, मरता मरता, त्याच्याकडून घेतलेलं परत केलेलं होतं. तोंड उघडलं असतं तर दोघांमधलं सगळं एका घासात मिटलं असतं. ती सुखानं गेली असती, लेकानं माफ केलं म्हणून. आणि तोही हात-पाय लांब करून तिच्या शेजारी पडला असता. कृष्णातचा जबडा इतका आवळला, की कानात कळ गेली.

"नगं आये," तो म्हणाला.

तिला समजलं नाही. हात तसाच. "आरं, कोन बगतंय? मीच देतीया."

"मला नगं. खरंच नगं. तुज्यासाठी आनलीया, तू खा."

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्या सगळ्या मऊपणातून ती वर यायची धडपड करत होती, त्याला नीट बघायची. "आजून राग हाय व्हय माजा?"

"न्हाई गं आये. राग न्हाई. आईशप्पत राग न्हाई."

"मग घे की."

तो बोलला. खूप बोलला. तू मला वाचवलंस आये, हे घेतलं तर तू वर्षामागं केलेलं सगळं पाण्यात जाईल, मी तुला खाली काय बोललो ते विसर, मीच पापी, असं सगळं, आयुष्यात कधी एका दमात बोलला नव्हता इतकं बोलला. पण अफू चढलेल्या माणसाला शब्द कसे ऐकू येतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती फक्त त्याच्या मिटलेल्या ओठांकडं आणि हलणाऱ्या मानेकडं बघत होती. हात दुखला तशी तिनं तो खाली घेतला. तो तुकडा त्यानं तिच्या बोटांतून अलगद सोडवून पुडीत ठेवला, तिनं सोडू दिला. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. "बरं," ती म्हणाली. त्या बरंमध्ये चिडणं नव्हतं, रुसणंही नव्हतं. माझं चुकलंच होतं, तुझा राग खराच आहे, असं मान्य केल्यासारखं ते होतं.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. शालूशी बोलली, बिराप्पाच्या बायकोला ओळखलं, अर्जुना आला का विचारलं. कृष्णात रोज मुगाएवढी गोळी जिभेवर ठेवायचा, पाणी पाजायचा, आणि ती डोळे मिटून घ्यायची. तो रोज म्हणायचा, आये, राग न्हाई. एकदा पाय दाबताना म्हणाला, एकदा तर मोठ्यानं म्हणाला, शालू दचकली. अर्जुना गुऱ्हाळावरून आला त्याच दिवशी सकाळी ती गेली. लोक म्हणाले, सुटली बिचारी, झोपेत गेली, पुण्यवान. दिवस घातले तेव्हा हरिपुरातले झाडून सगळे जेवायला आले, आणि कृष्णातनं वाढलेलं त्यांनी बिनघोर घेतलं. शालूनं, तो अफू घेऊन आला त्या दिवसापासून, त्याच्या तोंडाचा वास घ्यायचं सोडलं होतं. तो सांगलीला एकटा जायला लागला, एकटा यायला लागला.

एकदा नदीवर घागरी भरताना शालूनं विचारलं, "आत्याबाई शेवटाला तुमास्नी काय म्हनाल्या वो? मी नदीवर गेलते तवा?"

"काय न्हाई," तो म्हणाला.

घागर तिच्या डोक्यावर चढवून तो मागं राहिला. आई असं समजून गेली, की लेकानं आपल्याला माफ केलं नाही, आणि ते आता कुणालाच पुसता येणार नव्हतं. तिच्यासाठी तो जन्मभर रडला असता. पण आज ती उठून आली असती, आणि तोच हात त्याच्या तोंडापुढं धरला असता, तरी तो पुन्हा नकोच म्हणाला असता. हे शालूला कसं सांगायचं, त्याला कळेना. तो थंड पाण्यात गुडघाभर उभा राहिला, आणि पाय बधिर व्हायला लागले तेव्हा बाहेर आला.